टर्बो, सुपरचार्जर आणि करारातलं चौथं कलम

या सगळ्याला कारण भेंडीची भाजी. त्या दिवशी लंचला माझ्या तोंडात घास होता आणि समोरच्या क्युबिकलमधला अवधूत एक कागद नाचवत सांगत होता की डोंगरातल्या ट्रकी गावाजवळचा एक म्हातारा आपली स्नोमोबाइल विकतोय, आपण निम्मी-निम्मी घेऊ या. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा फिरता पट्टा आणि मधे एक मूर्ख. तोंड रिकामं असतं तर मी 'कशाला?' असं विचारलं असतं. भरलेलं होतं म्हणून मान हलवली. ती उभी हलली की आडवी, याबद्दल आमच्यात आजही मतभेद आहेत. पण अवधूतने संध्याकाळीच म्हाताऱ्याला फोन केला आणि शनिवारी आम्ही ते धूड ट्रेलरवर घालून कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटला आणलं.

फ्रीमाँटला बर्फ पडत नाही, हे इथेच सांगून टाकतो. बर्फ बघायचा तर चार तास गाडी हाणावी लागते. अवधूतच्या गॅरेजमध्ये त्याच्या बायकोचा, प्रतिमाचा, डीप फ्रीजर आणि तिच्या भावाचं फर्निचर होतं, त्यामुळे मशीन आमच्या टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये आलं आणि वीणाची गाडी उन्हात गेली. वीणा म्हणजे माझी बायको. तिने कमरेवर हात ठेवून मशीनला एक फेरी घातली आणि हे निदान दळण तरी दळतं का, एवढंच विचारलं.

अवधूत मूळचा नागपूरचा, वकिलाचा मुलगा. दोघांत मिळून आंब्याची पेटी घ्यायची तरी तो आधी करार करतो. स्नोमोबाइलचा करार नऊ कलमांचा होता. त्यातलं चौथं कलम असं: 'दोन्ही भागीदार उपस्थित असल्याशिवाय यंत्र चालवले जाणार नाही.' याचं खरं कारण करारात लिहिलेलं नाही. माझ्या ड्रायव्हिंगवर त्याचा विश्वास नाही आणि त्याच्या ड्रायव्हिंगवर तर त्याच्या इन्शुरन्सवाल्यांचासुद्धा नाही. मी सही केली. (मी सह्या न वाचता करतो. लग्नाच्या रजिस्टरवरही तशीच केली होती, पण तिथे नशीब चांगलं निघालं.)

जानेवारी २००५ मध्ये आम्ही पहिल्यांदा सहकुटुंब निघालो. सिएरा पर्वतात होप व्हॅली नावाची जागा आहे, तिथे सात-आठ हजार फुटांवर मशीनवाल्यांची जत्रा भरते. समोर एक पांढरा शुभ्र चढ होता. फार उभा नाही, पण बघणाऱ्यांना खालून सगळं स्वच्छ दिसेल असा. मी पुढे बसलो. अवधूत मागे बसला. त्याच्या पाठीला पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, चहाचा थर्मास आणि दोन लिटर कोकची बाटली असलेली बॅग होती, कारण गाडीत खाणं ठेवलं तर अस्वल काच फोडतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. सीट जरा आखूड वाटली, पण आम्ही दोघे एका रिक्षात आठ जण बसून कॉलेजला गेलेले. मॅन्युअल होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले मॅन्युअल लिहितो, वाचत नाही.

इंजिन असं गरजलं की खाली उभ्या असलेल्या वीणाने कान झाकले. आम्ही एक तृतीयांश चढ चढलो आणि मग मशीन आहे त्या जागी खड्डा खणू लागलं. खाली येऊन पुन्हा गेलो, पुन्हा तेच. आमच्या शेजारून जांभळी टोपी घातलेल्या एक सत्तरीच्या आजी आपल्या मशीनवरून वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या आणि तिसऱ्या खेपेला थांबून त्यांनी मदत हवी का म्हणून विचारलं. आमची मुलगी सावनी तेव्हा तेराची होती. ती शांतपणे चालत जाऊन दुसऱ्याच एका कुटुंबाजवळ उभी राहिली.

आता, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सांगलीचा. तोंडी परीक्षेनंतर मी इंजिनाला हात लावलेला नाही ही गोष्ट वेगळी, पण डिग्री आहे. मी तिथेच बर्फात उभा राहून निदान केलं: उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला दम लागतो. यात एका अक्षराचीही चूक नव्हती आणि पुढच्या वर्षभराच्या मनस्तापाचं मूळ तेच आहे. निदान साफ चुकलं असतं तर कुणीतरी लगेच दुरुस्त केलं असतं.

यावर उपाय म्हणजे इंजिनाच्या नाकात जबरदस्तीने हवा कोंबायची. कोंबणारी यंत्रं दोन प्रकारची मिळतात. टर्बो फिरतो तो इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या धुरावर. म्हणजे फुकटात काम, पण साहेबांना जाग यायला वेळ लागतो. सुपरचार्जर इंजिनालाच पट्ट्याने जोडलेला असतो. तो हाक मारल्याबरोबर हजर, पण इंजिनाच्या ताकदीतला आपला वाटा आधी काढून घेतो. मी म्हणालो, सुपरचार्जर. अवधूत म्हणाला, टर्बो. मी आधी सुपरचार्जर म्हणालो होतो, याखेरीज त्याच्याकडे दुसरं कारण नव्हतं.

नवल वाटेल, पण हा वाद एक वर्ष चालला. दर बुधवारी लंचला आमची मीटिंग असे आणि तिचे मिनिट्स निघत. अवधूतने एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा निकष, प्रत्येकाला वेगळं वजन. वजन, ताकद, उष्णता, आवाज, दुरुस्ती, बसवायला लागणारा वेळ, 'एकूण समाधान' हासुद्धा एक निकष. बेरीज आली टर्बो एकाहत्तर पूर्णांक चार, सुपरचार्जर एकाहत्तर पूर्णांक तीन. मी 'आवाज'चं वजन वाढवलं आणि सुपरचार्जर पुढे गेला. त्याने रात्रीतून 'एकूण समाधान' वाढवलं. मग तक्त्याला पासवर्ड लागला. मग पासवर्ड कुणी ठेवायचा यावर दोन बुधवार गेले.

मंडळाच्या गणपतीत मी चूक केली आणि विषय चारचौघांत काढला. आरतीनंतर चाळीस माणसं प्रसादाच्या द्रोणासकट माझ्याभोवती जमली. त्यांतल्या एकानेही स्नोमोबाइल जवळून पाहिली नव्हती आणि प्रत्येकाचं मत पक्कं होतं. एक दातांचे डॉक्टर मला कोपऱ्यात घेऊन अर्धा तास टर्बोचे धोके समजावत होते. शेवटी कळलं की ते गालिचा साफ करायच्या मशीनबद्दल बोलत होते. घरी येताना माझं डोकं इतकं उठलं होतं की मी हायवेवरची आमची एक्झिट चुकलो आणि खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे पोचलो. वीणा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिला याहून मोठी काळजी होती, ते मला दिवाळीत कळलं.

वीणा दर रविवारी सकाळी लायब्ररीच्या हॉलमध्ये मराठी शाळा घ्यायची. अकरा मुलं, सगळी इथे जन्मलेली, घरी आईबापांनी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. सहा वर्षं ती हे करत होती. लायब्ररी मार्चपासून दुरुस्तीसाठी बंद होणार होती आणि दुसरी जागा कुठेही मिळत नव्हती. तिने आधी आमची फॅमिली रूम मागितली. मी ठाम नकार दिला. आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी सोफ्यावर लोळण्याचा हक्क असतो, यावर मी दहा मिनिटं बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग गॅरेज मागितलं. गॅरेजमध्ये मशीन होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "फेब्रुवारी संपायच्या आत तुमचं ते यंत्र त्या चढावर वरपर्यंत गेलं, तर गॅरेज त्याचं. नाही गेलं, तर एक मार्चपासून यंत्र घराबाहेर आणि शाळा गॅरेजमध्ये. पण मोहन, त्या अकरा मुलांना मी घरी बसा म्हणून सांगणार नाही."

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण त्याहून जास्त मला ते यंत्र वर न्यायचं होतं. दहा महिने सगळं फ्रीमाँट मला बघून 'काय, चढली का?' म्हणून विचारत होतं. मी शब्द दिला. अवधूतने त्याच संध्याकाळी कराराला तशी पुरवणी टाइप करून तिघांच्या सह्या घेतल्या.

आता निवड करणं भागच होतं. जानेवारीत आम्ही आयडाहोमधल्या एका दुकानाला गाठलं. तिथला रँडी नावाचा माणूस हीच कामं करायचा. त्याने एक फॉर्म पाठवला: मशीनचं मॉडेल, चालवायची उंची, बर्फ कसा असतो आणि शेवटी रायडरचं, म्हणजे चालवणाऱ्याचं, वजन. अवधूत अशा बाबतीत काटेकोर. माझं वजन, त्याचं वजन, बूट, हेल्मेटं आणि पुरीभाजीची बॅग यांची बेरीज करून त्याने चारशे पस्तीस पौंड, म्हणजे जवळजवळ दोनशे किलो, असा आकडा भरला. मी ती बेरीज तपासली. बरोबर होती.

दोन दिवसांनी रँडीचा फोन आला. आम्ही स्वयंपाकघरात होतो, वीणा पोळ्या लाटत होती, मी फोन स्पीकरवर टाकला. रँडीने आधी बर्फपाण्याच्या गप्पा मारल्या. मग जरा घुटमळत वजनाचा आकडा बरोबर आहे ना म्हणून विचारलं. अवधूत अभिमानाने म्हणाला, "येस, फोर थर्टी-फाइव्ह. इन्क्लूडिंग लंच."

मग रँडी फार हळू आवाजात बोलू लागला. त्याचे एक काका असेच होते, भला माणूस, कुणाचं ऐकायचे नाहीत. टर्बो किंवा सुपरचार्जर विकायला त्याला आवडलंच असतं, पण त्याचं मन त्याला ते करू देईना. त्या गृहस्थांनी आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरांना भेटावं आणि रोज थोडं चालावं. देव त्यांचं भलं करो. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

आम्ही दोघं खवळलो. अवधूतचं म्हणणं, आपलं नाव बघून त्याने टाळलं. मी म्हणालो, या देशात कस्टमर सर्व्हिस राहिलीच नाही. कोणत्या गृहस्थांबद्दल तो बोलत होता, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. (आमच्या दोघांच्या मिळून पाच डिग्र्या आहेत.) वीणाचं लाटणं मात्र थांबलं होतं. चारशे पस्तीस वजन कुणाचं, असं तिने विचारलं. मी तिला बेरीज समजावून सांगितली. मग तिने पाठ फिरवली आणि तिचे खांदे बराच वेळ हलत होते. मला वाटलं, शाळेच्या काळजीने रडतेय बिचारी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती आणखीच हलू लागली.

रँडीचा नाद सोडून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. सावनीने चिठ्ठी उचलली, सुपरचार्जर निघाला. अवधूतने चिठ्ठ्यांची घडी वेगळी होती म्हणून हरकत घेतली. पुन्हा टाकल्या, पुन्हा सुपरचार्जर. तिसऱ्यांदा टर्बो निघाला तेव्हा माझी हरकत होती. शेवटी दुसऱ्या एका दुकानाला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, दोन्हींपैकी काहीही घ्या, यायला सहा आठवडे लागतील. कॅलेंडरवर फेब्रुवारीचे अठरा दिवस उरले होते. एक वर्ष आम्ही ज्याची निवड करत होतो, ते आता निवडलं तरी उपयोगाचं नव्हतं.

तरी फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी गेलो. जायला हवंच होतं, पुरवणीत तसं लिहिलं होतं. चढ तिथेच होता. मी पुढे, अवधूत मागे, बॅग त्याच्या मागे. पहिल्या खेपेला एक तृतीयांश. दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. तिसऱ्या खेपेला आम्ही कुशीवर पडलो आणि बर्फात आडवे असतानाच अवधूत मला म्हणाला की टर्बो असता तर हे झालं नसतं. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचाच आलेला नाही. मी त्याला म्हणालो की सुपरचार्जरला तू वर्षभर आडवा आलास, आता स्वतः आडवा झालास ते बरं झालं. आम्ही मशीन सरळ करून खाली आणलं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो.

खाली वीणा उभी होती. तिने सावनीचं हेल्मेट घातलं होतं.

"उतरा," ती म्हणाली. "दोघंही."

अवधूत घाईघाईने म्हणाला, "वहिनी, असं नाही करता येत. चौथं कलम आहे. दोन्ही भागीदार उपस्थित पाहिजेत."

"आहात ना उपस्थित? मग इथे उभे राहा. ती बॅगही ठेवा खाली."

आम्ही उतरलो. ते यंत्र एकाच माणसासाठी बनवलेलं आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर चित्र होतं, ते मला नंतर सावनीने दाखवलं. त्यात एकच माणूस होता आणि तो बारीक होता. वीणाचं वजन बावन्न किलो. तिने कधी साधी स्कूटरही चालवली नव्हती. पण दोन हिवाळे ती त्या चढाखाली उभी राहून आम्ही काय-काय चुकतो ते बघत होती. ती बसली, अंगठ्याने थ्रॉटल दाबला आणि गेली.

एक तृतीयांशावर आमचा खड्डा होता. तो तिने वळसा घालून चुकवला. मग अर्धा चढ, मग पाऊण. इंजिन कुठेही धापा टाकत नव्हतं. मग ती माथ्यावर पोचली, थांबली आणि उभी राहून हात हलवू लागली. इथून ती बोटाएवढी दिसत होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तेवढाच संताप आला, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे मला काहीच करता येईना. अवधूत म्हणाला, "मोहन यार, आपल्या तक्त्यात चौदा निकष होते." किती माणसं बसणार, हा त्यांत नव्हता.

सावनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "डॅड, मॉम इज सो कूल." माझ्याबद्दल ती काही बोलली नाही.

वीणा खाली आली ती हसत. कॉलेजातली असल्यासारखी हसत होती. असं तिला हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि मला जरा लाजच वाटली. पण परतीच्या वाटेवर, सॅक्रामेंटोच्या आसपास, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी म्हणालो की यंत्र चढ चढलं ना, मग पुरवणीप्रमाणे गॅरेज यंत्राचं. मी जिंकलोय.

वीणाने लगेच मान्य केलं. शब्द म्हणजे शब्द, यंत्र गॅरेजमध्येच राहील. ते कुठेही जाऊ नये असं आता तिलाही वाटत होतं. शाळा फॅमिली रूममध्ये भरेल. आणि बर्फ चांगला असतो रविवारी सकाळी, शनिवारी गर्दी फार होते, तेव्हा निदान एप्रिलपर्यंत रविवारी ती आणि सावनी होप व्हॅलीला जातील. मी शाळा कोण घेणार म्हणून विचारलं. सावनीने माझ्याकडे बोट दाखवलं. अवधूतने मागच्या सीटवर बसल्या-बसल्या आपला निम्मा हिस्सा वहिनींच्या नावे करणारा कागद लिहायला घेतला. त्याला ते यंत्र पुन्हा डोळ्यांसमोर नको होतं.

तर मार्चपासून दर रविवारी मी सोफा भिंतीला लावतो आणि अकरा मुलांना मराठी शिकवतो. मुलं माझ्याकडे बघतात, मी घड्याळाकडे बघतो. 'माझे घर' या विषयावर पाच वाक्यं काढायला पाऊण तास लागतो आणि त्यांतली तीन इंग्रजी निघतात. आठ वर्षांची आन्या तर वीणाकडेही दोन वर्षांत 'मला वॉटर पाहिजे'च्या पुढे गेली नव्हती.

मागच्या रविवारी मुलांनी वीणामावशी कुठे जाते म्हणून विचारलं. मी सांगायला लागलो आणि सांगता-सांगता बोर्डवर चित्रं काढू लागलो. डावीकडे टर्बो, उजवीकडे सुपरचार्जर. विरळ हवा, धूर, पट्टा, आमचा वर्षभराचा वाद, तो चढ, तो खड्डा, सगळं मराठीत. चाळीस मिनिटं बोललो. एकही मूल हललं नाही. इतकी शांतता माझ्या वर्गात कधीच झाली नव्हती, मला वाटलं, जमलं बुवा. मी खडू खाली ठेवला आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हणून विचारलं.

आन्याने हात वर केला. ती उभी राहिली, तिने नीट विचार केला आणि सावकाश म्हणाली, "काका, पण तुमच्यापैकी एक जण खाली का उतरला नाही?"

पूर्ण वाक्य. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी आणि इंग्रजीचा एक शब्द नाही. मी तिच्या वहीत दहापैकी दहा गुण लिहिले आणि शाळा वीस मिनिटं आधी सोडली.